दशमांश द्यायलाच पाहिजे का? नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि एका माजी खजिनदाराची उत्तरं

सगळ्यांना जय ख्रिस्त. मी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सहा वर्षं खजिनदार होतो. पाळक नाही, सेमिनरीत गेलेलो नाही, बायबल आणि हिशोबाची वही एवढंच माझं शिक्षण. पण उपासना सुटल्यावर चहाच्या वेळी लोक पाळकसाहेबांना जे विचारायला लाजतात ते खजिनदाराला विचारतात आणि त्यात निम्मे प्रश्न दशमांशाचे, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा चर्चला देण्याचे असतात. तेच इथे टाकलेत. बायबलची वचनं कुठे आहेत ते दिलंय (गणना, अनुवाद, गलती वगैरे ही त्यातल्या पुस्तकांची नावं, पुढचा आकडा अध्यायाचा), माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः उघडून वाचा.

प्रश्न: आधी एका शब्दात सांगा, आज ख्रिस्ती माणसाला दशमांश बंधनकारक आहे का?

नाही.

नियमशास्त्रातला (मोशेच्या कायद्यातला) दशमांश इस्राएल लोकांना, त्यांच्या देशात, त्यांच्या मंदिराची आणि लेव्यांची (मंदिराची सेवा करणाऱ्या वंशाची) व्यवस्था चालावी म्हणून दिलेला होता. तो मंडळीला लावून दिलाय असं नव्या करारात एकही वचन मला सापडलेलं नाही, तुम्हाला सापडलं तर कळवा. आता द्यायचं की नाही हा प्रश्न वेगळा, आणि तिथे नवा करार दहा टक्क्यांपेक्षा अवघड आहे. लोक हे दोन प्रश्न एकत्र कालवतात आणि मग कमिटीत भांडणं होतात.

प्रश्न: पण जुन्या करारात दहा टक्के स्पष्ट लिहिलंय ना?

लिहिलंय, पण एकदाच नाही. गणना १८ मधला दशमांश लेव्यांना, कारण त्यांना जमिनीचा वाटा नव्हता, आणि लेव्यांनी त्यातला पुन्हा दहावा हिस्सा याजकांना द्यायचा. अनुवाद १४ मध्ये दुसराच दशमांश आहे, तो स्वतःच्याच कुटुंबाने सणाला देवाच्या ठिकाणी जाऊन खायचा. हो, खायचा! लांबचा प्रवास असेल तर धान्य विकून पैसे गाठीला बांधायचे आणि तिथे जाऊन जे मनाला येईल ते घ्यायचं, बैल, मेंढरं, द्राक्षारस, आणि घरच्यांसोबत देवासमोर आनंद करायचा. हे वचन मी आजपर्यंत एकाही दशमांशाच्या संदेशात ऐकलेलं नाही. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा, लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी.

आता हे तीन वेगळे धरायचे की तिसऱ्या वर्षी सणाचाच दशमांश गरिबांकडे जायचा, यावर यहूदी लोकांतच दोन मतं आहेत. पहिल्या शतकातला इतिहासकार योसेफस तीन वेगळे सांगतो. त्याच्या हिशोबाने वर्षाची सरासरी २३ टक्क्यांच्या पुढे जाते, दुसऱ्या हिशोबाने साधारण २० टक्क्यांच्या आसपास. शिवाय सातव्या वर्षी जमीन पडीक, त्या वर्षी पेरणीच नाही तर दशमांश कसला. म्हणजे जे म्हणतात "आम्ही बायबलप्रमाणे दहा टक्के घेतो" त्यांनी आधी हा हिशोब जुळवून दाखवावा.

प्रश्न: पगाराचा दशमांश कुठे सांगितलाय?

कुठेच नाही. लेवीय २७ मध्ये जमिनीचं पीक, झाडाची फळं आणि गुरंमेंढरं आहेत. जनावरांचं तर असं की मेंढपाळाच्या काठीखालून एकेक जनावर जायचं आणि दहावं येईल ते देवाचं, चांगलं की वाईट बघायचं नाही. नऊच मेंढरं असली तर दहावं येणारच नाही, संपला विषय. सुतार, कुंभार, कोळी, मजूर यांच्या कमाईवर दशमांश नव्हता. काही लोक म्हणतात तेव्हा पैसाच नव्हता म्हणून धान्य सांगितलं, ते चुकीचं आहे, अब्राहामाने सारेची कबर चांदी मोजून घेतलीय, उत्पत्ती २३ बघा.

आपल्याकडच्या माणसाला हे समजायला खळं आठवावं. लेव्याला जमीन नाही, तो मंदिराचं काम करतो, आणि पीक आलं की खळ्यावरून त्याचा वाटा निघतो, गणना १८ मध्ये खळ्याचा शब्दच आहे. आपल्या गावगाड्यात बलुतं असंच खळ्यावर मिळायचं. फरक एवढाच आणि तो फार मोठा की लेव्याचा वाटा हा त्याचा मान होता, आणि नगर जिल्ह्यातल्या आपल्यापैकी कित्येकांच्या पणजोबांना खळ्यावर लांब उभं राहून, वरून टाकलेलं घ्यावं लागायचं. म्हणून मंडळीत जेव्हा कोणी देण्याच्या नावाखाली गरिबाला खाली मान घालायला लावतो तेव्हा माझं डोकं फिरतं, ते असो.

प्रश्न: अब्राहामाने तर नियमशास्त्राच्या आधीच दशमांश दिला, मग तो सर्वकाळचा नियम नाही का?

हा प्रश्न चांगला आहे आणि सगळ्यात जास्त वेळा येतो. उत्पत्ती १४ वाचा. अब्रामाने (अब्राहामाचं आधीचं नाव) लढाईत मिळालेल्या लुटीचा दहावा हिस्सा मलकीसदेक नावाच्या राजा-याजकाला दिला, एकदा. स्वतःच्या कळपातून दिला असं लिहिलेलं नाही, दरवर्षी दिला असंही नाही, आणि उरलेली लूट त्याने स्वतःला ठेवलीच नाही, सोबतच्या माणसांचा वाटा सोडून सदोमाच्या राजाला म्हणाला की सुताचा दोरा किंवा जोड्याचा बंदसुद्धा घेणार नाही. त्याचा कित्ता गिरवायचा तर पूर्ण गिरवा, नव्वद टक्केही सोडा! याकोबाचं बेथेलचं वचन (उत्पत्ती २८) तर अटींचं आहे, देवाने सांभाळलं, खायला घातलं, सुखरूप घरी आणलं तर दहावा हिस्सा देईन, हा नवस झाला.

आणि नियमशास्त्राच्या आधीचं म्हणून कायमचं, असं म्हटलं तर सुंता पण आधीचीच आहे (उत्पत्ती १७) आणि पशूंचे यज्ञ त्याच्याही आधीचे. ते आपण करतो का? इब्री ७ मध्ये दशमांशाचा विषय परत येतो पण तिथे मुद्दा मलकीसदेक लेवीपेक्षा थोर, म्हणून ख्रिस्ताचं याजकपण थोर असा आहे, "तुम्ही पण द्या" असं लेखक कुठेच म्हणत नाही. म्हणायचं असतं तर त्याच्याइतका चांगला चान्स कोणाला नव्हता.

प्रश्न: मलाखी ३ मध्ये देवाला लुटता असं म्हटलंय. मी दशमांश नाही दिला तर मी शापित आहे का?

ताई, दादा, शांत व्हा. नाही.

मलाखी संदेष्टा बाबेलच्या बंदिवासातून परत आलेल्या यहूदी लोकांशी बोलतोय. तिथे दशमांश आणायचं जे "भांडार" म्हटलंय ते खरोखरचं धान्याचं कोठार होतं, मंदिराच्या खोल्या. साधारण त्याच काळात नहेम्या १३ मध्ये दिसतं की लेव्यांना त्यांचा वाटा मिळेना म्हणून ते काम सोडून आपापल्या शेतावर निघून गेले, आणि भांडाराची एक मोठी खोली एल्याशीब याजकाने तोबीया नावाच्या माणसाला राहायला देऊन टाकली होती. म्हणजे लुटालूट दोन्हीकडून चालू होती. मलाखीचे पहिले दोन अध्याय तर याजकांनाच धारेवर धरतात, पण वाचताना आपण सरळ तिसऱ्यावर उडी मारतो. आणि शाप म्हणाल तर गलती ३:१३ काय म्हणतं, ख्रिस्ताने आपल्याला नियमशास्त्राच्या शापातून सोडवलं. वधस्तंभावर सुटलेला शाप महिन्याच्या पाकिटावरून परत लागत नाही.

एका बाईंचा नवरा आयसीयूत होता आणि त्यांना प्रार्थनेला आलेल्या माणसाने विचारलं की दशमांश किती महिन्यांचा बाकी आहे. त्या बाई मला पाकीट घेऊन भेटायला आल्या, त्यात औषधाचे पैसे होते. मी घेतलं नाही, माझ्यावर कमिटीत प्रश्न आला, येऊ दे.

प्रश्न: येशूने स्वतः मत्तय २३:२३ मध्ये दशमांश द्या म्हटलंय ना?

पुदिना, शेप आणि जिरं यांचा दशमांश देणाऱ्या शास्त्री-परूश्यांना (नियमशास्त्राचे कडक यहूदी जाणकार) तो म्हणतो की न्याय, दया, विश्वास या मोठ्या गोष्टी तुम्ही सोडल्या, त्या करायच्या होत्या आणि हेही सोडायचं नव्हतं. हे खरं आहे, झाकायचं कारण नाही. पण तेव्हा मंदिर उभं होतं, ऐकणारे नियमशास्त्राखालचे यहूदी होते. त्याच येशूने बरा झालेल्या कुष्ठरोग्याला याजकाला दाखव आणि मोशेने नेमलेलं अर्पण कर असंही सांगितलं (मत्तय ८:४), आज डिस्चार्ज मिळाल्यावर कोणी पक्षी घेऊन याजकाकडे जातं का?

मंदिर इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने पाडलं, तेव्हापासून लेव्याला दशमांश पोचवायची मूळ व्यवस्थाच राहिली नाही. आज बरेच यहूदी कमाईचा दहावा हिस्सा दानधर्माला काढतात, पण त्याला मंदिराचा दशमांश म्हणत नाहीत.

प्रश्न: मग प्रेषितांनी काय शिकवलं?

प्रेषितांची कृत्ये १५ बघा. यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर नियमशास्त्रातलं काय काय लादायचं यावर यरुशलेमात मोठी बैठक झाली आणि चारच गोष्टी कळवल्या, मूर्तींना वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि जारकर्म यांपासून दूर राहा. दशमांश त्या यादीत नाही. पौल पैशाबद्दल लाजतो म्हणावं तर तसंही नाही, २ करिंथ ८ आणि ९ असे दोन अख्खे अध्याय तो वर्गणीवर लिहितो आणि त्यात दहा हा आकडा एकदाही नाही. काय आहे? प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे, कुरकुरत नाही, जबरदस्तीने नाही, संतोषाने. आणि जवळ नाही त्याप्रमाणे नव्हे, जवळ असेल त्याप्रमाणे (८:१२). १ करिंथ १६:२ मध्ये पद्धत पण दिलीय, आठवड्याच्या पहिल्या दिवशी कमाईच्या मानाने बाजूला काढून ठेवा, म्हणजे मी आल्यावर पळापळ नको. ते पैसे यरुशलेमच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी होते, इमारतीसाठी नाही, साऊंड सिस्टीमसाठी तर नाहीच.

आणि इथेच ते अवघड सुरू होतं जे मी वर म्हटलं. जक्कय नावाच्या जकातदाराने अर्धं दिलं. विधवेने दोन टोल्या म्हणजे होतं नव्हतं ते सगळं टाकलं. मासेदोनियाच्या मंडळ्यांनी स्वतः कंगाल असताना ऐपतीपलीकडे दिलं. "आम्ही नियमाखाली नाही" म्हणत थैलीत दहाची नोट टाकून पार्किंगमधून पंधरा लाखाची गाडी काढणाऱ्यांनी या तिघांकडे बघावं, कायदा नाही हे त्यांच्या सोयीसाठी लिहिलेलं नाही.

प्रश्न: मग चर्चमध्ये दशमांश आला कुठून?

हळूहळू आला. दुसऱ्या शतकात जस्टिन शहीद लिहितो की ज्यांची ऐपत आणि इच्छा आहे ते आपापल्या मर्जीने देतात आणि ते अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले यांना जातं. दिदाखे नावाचं फार जुनं शिक्षण आहे, त्यात तर असं आहे की संदेष्टा आत्म्यात येऊन "मला पैसे द्या" म्हणाला तर त्याचं ऐकू नका, गरजवंतासाठी मागत असेल तर गोष्ट वेगळी. (हे वाक्य प्रत्येक कन्व्हेन्शनच्या मंडपात बॅनरवर लावायला हवं.) इ. स. ५८५ ला फ्रान्समधल्या माकोंच्या धर्मसभेने दशमांश न देणाऱ्याला मंडळीबाहेर काढायचा ठराव केला, ७७९ मध्ये शार्लमेन राजाने तो सरकारी कायदाच केला. तिथून हजारेक वर्षं युरोपातल्या शेतकऱ्याच्या खळ्यातून दहावी पेंढी उचलली जायची. फ्रान्सने तो १७८९ च्या क्रांतीत रद्द केला. आयर्लंडमध्ये कॅथलिक शेतकऱ्यांना प्रोटेस्टंट सरकारी चर्चला दशमांश द्यावा लागायचा, त्यावरून १८३० च्या दशकात दंगे आणि गोळीबार झाले. इंग्लंडने १८३६ मध्ये धान्याऐवजी रोख रकमेत बदलून टाकला आणि १९३६ च्या कायद्याने ती वसुली गुंडाळायला घेतली.

प्रश्न: वेगवेगळी चर्चेस आज काय म्हणतात?

कॅथलिकांमध्ये ठराविक टक्का नाही. चर्चच्या गरजांना आपापल्या ऐपतीप्रमाणे हातभार लावणं हे कर्तव्य मात्र आहे, त्यांच्या १९८३ च्या कॅनन लॉमध्ये कलम २२२ तेच सांगतं. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट लोक दशमांश पक्का शिकवतात, आणि त्यांच्याकडे तो पाळकांच्या पगारासाठी वेगळा ठेवतात. मॉर्मन लोकांत पूर्ण दशमांश दिल्याशिवाय त्यांच्या मंदिरात प्रवेशाचा दाखला मिळत नाही. पेंटेकॉस्टल मंडळ्यांत बहुतेक ठिकाणी जोर देतात. आपल्या जुन्या मिशनच्या मंडळ्यांत मासिक वर्गणी, थैली, उपकारस्तुतीचं पाकीट आणि कापणीच्या सणाचा लिलाव यावर गाडी चालते. कोहळा तीन हजाराला गेलेला मी पाहिलाय, घेणाऱ्याने तो परत लिलावाला ठेवला.

मला सगळ्यात आवडते ती मिझोरमची पद्धत, तिथे घरातली बाई दर वेळी भात शिजवताना मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढते. टक्केवारी नाही, जेवण झालं तर मूठ निघाली. गरिबातली गरीब पण देते आणि कोणासमोर लाजत नाही.

प्रश्न: मुलगा जर्मनीत जॉबला आहे, त्याच्या पगारातून चर्चचे पैसे कापतात, तो दशमांश झाला का?

नाही, तो चर्च टॅक्स. तिथे पत्ता नोंदवताना धर्म विचारतात, कॅथलिक किंवा इव्हॅन्जेलिकल लिहिलं की कापायला सुरुवात. तो पगाराच्या नाही, इन्कम टॅक्सच्या रकमेच्या ८ किंवा ९ टक्के असतो, राज्याप्रमाणे. नको असेल तर सरकारी ऑफिसात जाऊन चर्चमधून रीतसर नाव काढावं लागतं, तोंडी सांगून होत नाही, आणि नाव काढल्यावर तिथल्या चर्चमध्ये लग्न वगैरेला अडचण येऊ शकते हे त्याला आधी सांगा.

प्रश्न: मला स्वतःहून दहावा हिस्सा द्यायचाय. हातात येणाऱ्या पगारावर धरू की पूर्ण पगारावर?

बंधनच नाही तर यावर चुकीचं उत्तर पण नाही. मी स्वतः हातात येतो त्यावर धरतो. शेतकरी असाल तर बी, खत, फवारणी, मजुरी, तोडणी वजा करून जे उरतं ते तुमचं उत्पन्न, कांद्याची पट्टी उणे आली असेल तर त्या हंगामात द्यायला काही नाही आणि त्यात लाज पण नाही. दहावा हिस्सा हा सुरुवातीचा माप म्हणून छान आहे, आम्ही नवरा-बायको लग्नापासून तसंच करतो, पण आमच्या घरचा नियम मी तुमच्या घरी कसा लावणार.

प्रश्न: कर्ज आहे, आईवडिलांची औषधं आहेत. तरी द्यायचं?

आधी औषधं. मार्क ७ मध्ये येशू त्यांच्यावरच चिडलाय जे आईबापाला म्हणायचे की तुम्हाला मिळायचं होतं ते आता देवाला कुर्बान झालं. १ तीमथ्य ५:८ तर म्हणतं की घरच्यांची काळजी न घेणारा विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट. अठरा हजारात घर चालवणाऱ्याचे अठराशे म्हणजे गॅस आणि शाळेची फी, तीन लाखवाल्याचे तीस हजार म्हणजे हॉटेलच्या दोन फेऱ्या कमी. टक्का सारखा असला तरी ओझं सारखं नसतं. सावकाराचं किंवा क्रेडिट कार्डचं व्याज चालू असेल तर ते फेडा. थैलीत पाच रुपये टाका, मोजणारा मी होतो, मी कोणाचे पाच कधी लक्षात ठेवले नाहीत. (पाचशेवाले मात्र स्वतःच आठवण करून द्यायचे.)

प्रश्न: घरात एकच जण विश्वासात आहे, दुसऱ्याला न सांगता द्यावं का?

नको. सामाईक पैसा असेल तर बोलून ठरवा, लपवून दिलेलं कळलं की घरात आधी भांडण आणि मग सुवार्तेचं नाव खराब.

प्रश्न: दशमांश नाही म्हटल्यावर पाळकांनी खायचं काय?

हा प्रश्न लोक चिडवायला विचारतात पण तो खरा आहे. १ करिंथ ९:१४ मध्ये सुवार्ता सांगणाऱ्याची उपजीविका सुवार्तेवर व्हावी असं प्रभूनेच ठरवलंय, गलती ६:६ पण तेच सांगतं. पौल तंबू शिवायचा ते त्याने स्वतः निवडलं, तुम्ही पाळकावर लादू शकत नाही. आपल्या मंडळ्यांची जुनी सवय अशी की पगार मिशनकडून यायचा, बाहेरून, त्यामुळे देणं हे आपलं काम आहे असं दोन-तीन पिढ्यांना वाटलंच नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनच्या पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्यात देवाचा दरबार हा मिशनबाहेरचा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला, तेव्हाही मुद्दा हाच होता की हे आपलं आहे की साहेबाचं. शंभर कुटुंबांची मंडळी असून पाळकाच्या मुलाची फी थकत असेल तर मलाखी वाचायची गरज नाही, सरळ लाज वाटायला हवी.

प्रश्न: प्रचारक म्हणतात "बियाणं पेरा (म्हणजे पैसे द्या), शंभरपट मिळेल", क्यूआर कोड स्क्रीनवर आहे. पाठवू का?

नका पाठवू. शंभरपट खरंच मिळत असतं तर त्यांनीच तुम्हाला पाठवले असते.

प्रश्न: दिलेल्या पैशाचा हिशोब मागणं म्हणजे अविश्वास का?

अजिबात नाही, हक्क आहे. महाराष्ट्रात चर्चचा ट्रस्ट १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेला असेल तर त्याला हिशोब ठेवून ऑडिट करावं लागतं, धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस त्यासाठीच आहे. पौलाने वर्गणी नेताना सोबत मंडळ्यांनी निवडलेली माणसं घेतली, कोणी बोट दाखवू नये म्हणून (२ करिंथ ८:१९-२१). पौलाला चाललं ते कमिटीला चालायला हरकत नाही.

प्रश्न: दशमांशावर इन्कम टॅक्समध्ये ८०जी ची सूट मिळते का?

बहुतेक वेळा नाही. एका ठराविक धर्माच्या लोकांसाठीच असलेल्या ट्रस्टला साधारणपणे ८०जी मिळत नाही, आणि तुम्ही नव्या टॅक्स रिजीममध्ये असाल तर विषयच संपला. ख्रिस्ती संस्थेचं हॉस्पिटल किंवा अनाथाश्रम सगळ्यांसाठी खुला असेल आणि त्यांच्याकडे सर्टिफिकेट असेल तर मिळू शकते, पण दोन हजारांच्या वर रोख देऊ नका, सूट जाते. परदेशात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवा, भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेलं परकीय दान धरत नाहीत. नागरिकत्व बदललं असेल तर ते परकीय, आणि चर्चकडे एफसीआरए (परदेशी दान घ्यायची सरकारी परवानगी) नसेल तर घेणारा अडकतो. काकाने प्रेमाने पाठवलेले डॉलर परत पाठवायची वेळ आमच्यावर आलीय, काका अजून नाराज आहेत.

प्रश्न: थैलीत फाटकी नोट टाकली तर चालते का?

हा प्रश्न कोणी विचारत नाही, करतात मात्र सगळे. बाजारात चालली नाही, रिक्षावाल्याने परत दिली, मग रविवारी देवाला. मलाखी १:८ उघडा, आंधळं, लंगडं जनावर वेदीवर आणता ते जरा तुमच्या अधिकाऱ्याला देऊन बघा, तो खूश होईल का, असं तो विचारतो. बाकी सहा वर्षांत मी सेलोटेपचे किती रोल संपवले ते वहीत लिहिलेलं नाही. बँकेत बदलून मिळतात, दर तीन महिन्यांनी गठ्ठा घेऊन जायचो, काउंटरवरचा पोरगा मला बघितलं की आधी पंखा बंद करायचा.